कोणती बोटं, किती वाजता?

प्रश्न (वाचक भगिनीच्या पत्राचा सारांश, त्यांच्या विनंतीवरून नाव दिलेलं नाही)

वय ५४. टाइप २ मधुमेहाला ११ वर्षं झाली. मेटफॉर्मिनच्या गोळ्या पहिल्यापासून चालू आहेत. घरी शिवणकाम करते. तेच माझं उत्पन्न आणि तोच विरंगुळा. पाच महिन्यांपासून रात्री दोन-अडीचच्या सुमारास उजव्या हाताला मुंग्या येऊन जाग येते. हात सुजल्यासारखा, दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा वाटतो. उठून झटकला की दहा मिनिटांत बरं वाटतं. आता दिवसाही सुई बोटांतून निसटते, कात्री चालवताना अंगठ्याच्या बुडाशी दुखतं. गेल्या महिन्यात हातातून दोन कप पडून फुटले. डॉक्टरांना सांगितलं तर ‘शुगर आहे, नसा खराब होणारच’ म्हणाले आणि नसांच्या ताकदीच्या गोळ्या दिल्या. तीन महिन्यांची शुगर दीड वर्षापूर्वी ८.९ होती, आता ७.४ आहे. तरी हाताचा त्रास वाढतोच आहे. घरी बोलले की ‘पथ्य पाळत नाहीस’ हे ऐकावं लागतं, म्हणून कपांचंही कुणाला सांगितलं नाही. एका ओळखीच्या बाईंनी चूर्ण सुचवलंय. दुसऱ्या म्हणतात, ऑपरेशन केलंस तर हात कायमचा जाईल. माझ्या नसा संपल्या का? शिवणकाम सोडून देऊ का?

उत्तर

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दुसऱ्या वेळी एका वाक्याखाली रेघ मारली. ‘उठून झटकला की दहा मिनिटांत बरं वाटतं,’ असं तुम्ही ओघात लिहून गेलात आणि शेवटी विचारलंत, ‘माझ्या नसा संपल्या का?’ या दोन वाक्यांचा मेळ बसत नाही. संपलेली नस झटकल्याने जागी होत नाही. जी दाबली जाते आणि दाब सुटला की पुन्हा काम करू लागते, तिच्या बाबतीत असं घडतं. मांडी घालून बराच वेळ बसलं की पाय झोपतो, चार पावलं चाललं की मुंग्या येऊन जागा होतो, तसंच.

पत्रावरून निदान करता येत नाही आणि मी ते करणारही नाही. पण ‘शुगर आहे म्हणजे हात असा होणारच’ हे जे तुम्ही धरून चालला आहात, आणि तुमच्या डॉक्टरांनीही बहुधा घाईत धरलं, ते एकदा तपासून घेऊ या. मधुमेह असलेल्या माणसाचा हात दुखायला किंवा बधिर व्हायला निदान सहा-सात वेगवेगळी कारणं असू शकतात. काहींचा शुगरशी सरळ संबंध असतो, काहींचा लांबचा, काहींचा अजिबात नसतो. प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. त्यातली बरीचशी वेळेवर लक्ष दिलं तर सुधारतात, आणि म्हणूनच सगळी एकाच नावाखाली टाकून गप्प बसणं मला पटत नाही.

तुम्ही एक गोष्ट लिहिलेली नाही: नेमकी कोणती बोटं? ‘हात बधिर होतो’ एवढंच बहुतेक जण सांगतात. माझ्यासमोर बसलेल्या माणसाला मी बॉलपेन देते आणि म्हणते, जिथे मुंग्या येतात तिथे स्वतःच्या हातावर रेघा ओढा. आधी सगळेच संकोचतात. मग अंगठ्यापासून सुरुवात होते, तर्जनी, मधलं बोट, आणि अनामिकेवर पेन थांबतं. ते बोट हलवून बघतात, दुसऱ्या हाताने चोळून बघतात, आणि तिच्या मधोमध उभी रेघ काढतात. मधल्या बोटाकडची बाजू बधिर, करंगळीकडची चांगली. ‘असं कसं हो, एकाच बोटाचं अर्धं?’ असं विचारतात. असंच असतं. कारण त्या एका बोटाला दोन वेगळ्या नसा अर्ध्या-अर्ध्या वाटून घेतात. ती रेघ दिसली की माझं निम्मं काम झालेलं असतं.

तुम्हीही उशाशी पेन ठेवा. जाग आली की हात झटकण्याआधी, दिवा लावून, रेघा ओढा. सकाळी आठवून काढलेली रेघ तितकी खरी नसते. किती वाजता जाग आली तेही तिथेच लिहा. असं चार-पाच रात्री करा आणि रोज सकाळी हाताचा फोटो काढून ठेवा.

आता ‘शुगरमुळे नसा खराब होणं’ म्हणजे काय ते सांगते, म्हणजे तुमच्या हाताशी ताडून बघता येईल. दीर्घकाळ वाढलेल्या साखरेमुळे नसांना इजा होते ती सहसा सगळ्यांत लांब नसांपासून. कमरेपासून तळपायाच्या बोटांपर्यंत जाणारे तंतू शरीरात सर्वांत लांब, म्हणून सुरुवात पायाच्या बोटांत होते. दोन्ही पायांत जवळजवळ सारखीच. बधिरपणा, जळजळ, टाचण्या टोचल्यासारखं वाटणं, कापसावर चालल्याचा भास, असं काही ना काही. ते हळूहळू वर चढतं. पोटऱ्यांवरून गुडघ्याच्या आसपास पोचेपर्यंत साधारण हाताच्या बोटांची पाळी येते, तीही दोन्ही हातांच्या आणि सगळ्या बोटांच्या टोकांपासून. पायात मोजे आणि हातात हातमोजे घालावेत तसा तो पसरतो.

तुम्ही पायांबद्दल एक अक्षर लिहिलेलं नाही. पाय ठीक असतील, त्रास एकाच हाताला असेल आणि तोही ठरावीक बोटांत असेल, तर ते चित्र या सर्वसाधारण इजेचं नाही. (तरी पायांची तपासणी व्हायलाच हवी. नायलॉनच्या बारीक तारेने आणि कंप पावणाऱ्या चिमट्याने तळपायाची संवेदना बघतात. पाच मिनिटांचं काम आहे, वेदना होत नाही, आणि मधुमेह असलेल्या प्रत्येकाची ती वर्षातून एकदा तरी व्हावी. तुमची शेवटची कधी झाली, हे आठवत नसेल तर झालेली नाही असंच समजा.)

रात्रीची जाग, झटकल्यावर आराम आणि वस्तू निसटणं ही तिन्ही लक्षणं एकत्र आली की माझं लक्ष पहिल्यांदा मनगटाकडे जातं. मनगटाच्या तळहाताकडच्या बाजूला छोट्या हाडांची एक पन्हळ असते आणि तिच्यावरून एक जाड, चिवट पट्टा आडवा गेलेला असतो. झाला बोगदा. त्या बोगद्यातून बोटं मिटवणाऱ्या नऊ कंडरा, म्हणजे दोऱ्या, जातात आणि त्यांच्या गर्दीत एक नस. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अर्धी अनामिका यांची संवेदना त्या नसेकडे असते. अंगठ्याच्या बुडाचा मांसल उंचवटा आहे ना, त्यातले बहुतेक स्नायूही तीच चालवते. बोगद्यात जागा कमी पडली की कंडरा सहन करतात, नस करत नाही. या दुखण्याला कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात. झोपेत आपण नकळत मनगट मुडपून घेतो, तेव्हा बोगदा आणखी आवळतो, म्हणून जाग येते ती मध्यरात्रीनंतर.

मधुमेह असलेल्यांमध्ये हे दुखणं इतरांपेक्षा बरंच जास्त दिसतं. वर्षानुवर्षं रक्तात फिरणारी जादा साखर शरीरातल्या प्रथिनांना चिकटत राहते. कोलॅजन नावाचं जे प्रथिन कंडरा, सांध्यांची आवरणं, त्वचा यांचा ताणा-बाणा असतं, ते त्यामुळे जाड आणि कडक होतं. तुम्हाला कापड कळतं म्हणून सांगते: मऊ सुती कापडाला खळ बसत जावी तसं. शिवाय मधुमेहातली नस आधीच थोडी हळवी असते, एरवी चाललं असतं एवढा दाबही तिला चालत नाही. म्हणजे शुगरचा संबंध आहेच. पण ‘शुगरमुळे नस मेली’ आणि ‘शुगरमुळे जागा अरुंद झाली आणि नस दाबली’ यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. दाब काढता येतो.

घरच्या घरी एक गोष्ट करून बघता येईल. दोन्ही हातांच्या पाठी एकमेकींना टेकवा, बोटं जमिनीकडे, मनगटं काटकोनात मुडपलेली, आणि घड्याळ लावून एक मिनिट तसंच थांबा. जोर लावू नका. मिनिटाच्या आत अंगठ्याकडच्या बोटांत मुंग्या आल्या तर संशय बळावतो. फेलन नावाच्या अमेरिकन सर्जनच्या नावाने ही चाचणी ओळखली जाते. ती चुकू शकते, दोन्ही बाजूंनी. मुंग्या आल्या नाहीत म्हणून निश्चिंत होऊ नका आणि आल्या म्हणून घाबरू नका. नक्की कळतं ते नसांच्या तपासणीतून. त्यात त्वचेवरून हलके विजेचे झटके देऊन नसेतून संदेश किती वेगाने जातो ते मोजतात. झटके टोचतात, पण सहन होण्याजोगे असतात. नस कुठे दाबली आहे, किती दाबली आहे आणि जोडीला मधुमेहाची सर्वसाधारण इजाही आहे का, हे तिन्ही त्यातून समजतं. दोन्ही एकत्रही असू शकतात, हे मनात असू द्या.

तुमच्यासारखीच पत्रं इतरही पाठवतात आणि त्यांच्या हातावरची रेघ वेगळी असू शकते. करंगळी आणि तिच्या बाजूची अर्धी अनामिका बधिर होत असेल तर मनगटापेक्षा कोपर बघायला हवं. कोपराच्या आतल्या बाजूला हाडाजवळून जी नस जाते (कोपर आपटल्यावर जिच्यामुळे झिणझिण्या येतात तीच), ती टेबलाच्या कडेवर कोपर टेकवून काम करणाऱ्यांना आणि फोन कानाला लावून तासन्‌तास बोलणाऱ्यांना त्रास देते. मानेपासून दंडातून खाली चमक येत असेल, मान वळवल्यावर वाढत असेल, तर दुखण्याचं मूळ मानेत असू शकतं.

बधिरपणा नाही, पण सकाळी एखादं बोट मिटलेलंच राहतं आणि उघडायला गेलं की ‘खट्’ करून सुटतं, तो ट्रिगर फिंगर. बोटाच्या मुळाशी कंडरेचं आवरण जाड झाल्याने ती अडकते. हाही मधुमेहात जास्त दिसतो आणि यावर चांगले उपचार आहेत. आणखी एक आहे, ज्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. नमस्कारासाठी हात जोडा आणि बाजूने बघा. दोन्ही हातांची बोटं एकमेकांना पूर्ण टेकतात, की मध्ये फट राहते? फट राहत असेल तर बोटांचे सांधे आखडत चाललेत. ते सहसा दुखत नाही, म्हणूनच लक्षात यायला उशीर होतो. अशा हातांना रोजचा हलका ताण-व्यायाम लागतो, तो फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्यावा. ज्यांचे हात असे आखडलेत त्यांनी डोळे आणि मूत्रपिंडाच्या वार्षिक तपासण्या चुकवू नयेत. हे कडकपण आणि ते बारीक रक्तवाहिन्यांचे त्रास बरेचदा जोडीने येतात.

तुमच्या पत्रातला ‘११ वर्षं मेटफॉर्मिन’ हा तपशीलही मला सोडवत नाही. मेटफॉर्मिन चांगलं औषध आहे, ते मनाने बंद करू नका. पण बरीच वर्षं घेतल्यावर काही जणांच्या शरीरात ब-१२ जीवनसत्त्व नीट शोषलं जात नाही आणि त्याची कमतरता हुबेहूब मधुमेहाच्या नसांसारखीच दिसते: मुंग्या, बधिरपणा, तोल जाणं. फरक एवढाच की ती वेळीच लक्षात आली तर भरून काढता येते. साध्या रक्ततपासणीत कळतं. मात्र तुम्हाला दिलेल्या ‘ताकदीच्या गोळ्यां’मध्ये बहुधा ब-१२ असणार, आणि त्या घेत असताना तपासलं तर आकडा फसवा चांगला येऊ शकतो. म्हणून गोळ्यांचं पाकीट सोबत न्या आणि कधीपासून घेताय ते सांगा. त्याच रक्तात थायरॉइडही बघून घ्या. थायरॉइड मंदावला तरी मनगटातली नस दाबली जाते, आणि तुमच्या वयाच्या बायकांमध्ये ते विरळा नाही.

आता त्या ‘पथ्य पाळत नाहीस’बद्दल.

तीन महिन्यांची शुगर ८.९ वरून ७.४ वर आपोआप येत नाही. ती तुम्ही आणली आहे. आजचा हात आजच्या शुगरचं प्रतिबिंब नसतो. कोलॅजन कडक व्हायला, नस हळवी व्हायला वर्षं लागतात, आणि आकडा सुधारल्यावर ते लगेच मऊ पडत नाही. त्यामुळे शुगर उतरत असताना हात बिघडणं शक्य आहे आणि त्यात तुमची चूक नाही. याचा अर्थ शुगर सांभाळून उपयोग नाही असा अजिबात नव्हे. टाइप १ मधुमेहाच्या १,४४१ रुग्णांवर झालेल्या आणि १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अमेरिकन-कॅनेडियन अभ्यासात, काटेकोर नियंत्रण ठेवणाऱ्यांमध्ये नसांचा आजार सुमारे ६० टक्क्यांनी कमी आढळला होता. टाइप २ मध्ये फायदा इतका ठळक दिसत नाही, तिथे वजन, रक्तदाब, चरबी, तंबाखू, दारू हेही हिशेबात येतात. तुम्ही जे करताय ते पुढच्या दहा वर्षांसाठी करताय. पण मनगटातला दाब पथ्याने सुटत नाही, त्याला मनगटाचाच उपाय लागतो.

(इतर वाचकांसाठी एक सूचना: खूप वाढलेली शुगर अगदी झपाट्याने, म्हणजे तीन महिन्यांत एचबीए१सी (हीच ती ‘तीन महिन्यांची शुगर’) दोन अंकांहून जास्त खाली आणली, तर काहींना हातापायात तीव्र जळजळ सुरू होते. तसं झालं तर औषधं सोडू नका, वेग किती ठेवायचा ते डॉक्टरांशी बोला. ताई, तुमचा आकडा दीड वर्षात उतरलाय, तेव्हा तुमचं हे नसावं.)

समजा तपासणीत मनगटच निघालं. तर पहिली पायरी साधी आहे: रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा, म्हणजे स्प्लिंट. आत कडक पट्टी असलेला हवा, नुसता लवचिक मोजा चालत नाही. मनगट ना खाली मुडपलेलं, ना वर उचललेलं, अगदी सरळ. घट्ट आवळू नका, पट्ट्याखाली एक बोट सहज गेलं पाहिजे, आणि सकाळी काढल्यावर त्वचेवर लाल खुणा नाहीत ना ते डोळ्यांनी बघा, कारण बधिर त्वचा टोचल्याचं कळवत नाही. निदान सहा आठवडे रोज. चार दिवसांत फरक नाही म्हणून बरेच जण तो कपाटात टाकतात, तसं करू नका.

दुसरी पायरी मनगटात स्टिरॉइडचं इंजेक्शन. काहींना त्याने महिनोन्‌महिने आराम पडतो, काहींचा त्रास परत येतो. मधुमेहात त्याची एक बाजू माहीत असलीच पाहिजे: त्यानंतर काही दिवस शुगर वाढते. घाबरण्यासारखं नाही, पण त्या आठवड्यात रोज तपासावं, आणि इन्सुलिन घेणाऱ्यांनी डोस कसा बदलायचा ते आधीच विचारून ठेवावं. मधुमेह आहे हे इंजेक्शन देणाऱ्याला माहीत असेलच असं गृहीत धरू नका, स्वतः सांगा.

आणि ऑपरेशन. तो आडवा पट्टा कापून बोगदा मोकळा करायचा, एवढंच त्यात असतं. बहुतेक वेळा फक्त हात बधिर करून करतात आणि त्याच दिवशी घरी सोडतात. बोटं लगेच हलवायला सांगतात, टाके साधारण दोन आठवड्यांत निघतात, शिवणकामासारखी पकड यायला आणखी काही आठवडे जातात. तळहाताच्या बुडाशी काही महिने दुखरेपणा राहू शकतो. जंतुसंसर्ग, जखम उशिरा भरणं हे धोके आहेत आणि शुगर जास्त असेल तर ते वाढतात, म्हणून आधी आकडा नीट असावा लागतो. तुमचा ७.४ आहे, तेव्हा केवळ मधुमेह आहे म्हणून हा रस्ता तुमच्यासाठी बंद नाही.

मग ‘हात कायमचा जाईल’ ही भीती येते कुठून? मी पाहिलंय ते असं: माणसं वर्षानुवर्षं झटकत राहतात. बधिरपणा रात्रीचा दिवसभराचा होतो. अंगठ्याच्या बुडाचा उंचवटा सुकून तिथे खळगा पडतो. मग कुणीतरी ऑपरेशनला नेतं. दाब सुटतो, रात्रीचा ठणका थांबतो, पण सुकलेला स्नायू परत भरत नाही, आणि नस वाढते तीही दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर. वर्षभराने हात तसाच अशक्त बघून लोक म्हणतात, ऑपरेशनने हात गेला. तो उशिरामुळे गेलेला असतो.

नसांच्या वेदनेसाठी प्रीगॅबलिन, गॅबापेन्टिन, ड्युलॉक्सेटिन अशी औषधं देतात. जळजळ आणि ठणका त्यांनी कमी होतो, मनगटातला दाब कमी होत नाही. गुंगी येते, चक्कर येते, म्हणून सुरुवात कमी मात्रेने आणि डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच. नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या मात्र स्वतःहून रोज घेऊ नका. मधुमेहात मूत्रपिंडं आधीच जपायची असतात आणि त्या गोळ्या नेमक्या तिथेच घाव घालतात.

चूर्णाबद्दल सरळ सांगते: ज्याच्या पुडीवर घटक लिहिलेले नाहीत ते घेऊ नका. अशा पुड्यांमध्ये स्टिरॉइड मिसळलेलं सापडतं. दोन दिवसांत वेदना गायब होते, माणूस खूश होतो, आणि शुगर कुठल्या कुठे जाते. दीड वर्षाचे तुमचे कष्ट त्यावर ओवाळून टाकू नका.

शिवणकाम सोडू नका. पण हाताला ते थोडं सोपं करून द्या. कात्रीच्या मुठींना जाड कापड गुंडाळा किंवा आपोआप उघडणारी, स्प्रिंगची कात्री घ्या. अंगठ्यावरचा ताण तिथेच कमी होतो. सुई बारीक असेल तर आपण ती नकळत जास्त दाबून धरतो, म्हणून हातशिलाईला जरा जाड सुई चालत असेल तर चालवा. मशीनवर बसताना मनगट आणि कोपरापुढचा हात एका सरळ रेषेत येईल इतकी खुर्ची उंच करा. सलग तास दीड तास बसण्याऐवजी वीस-पंचवीस मिनिटांनी उठा, हात खाली सोडा, मुठी उघडा-मिटा. आणि कापडं कापण्याचं काम सकाळी ठेवा, दिवसभराच्या थकव्यानंतर नको.

इस्त्री मात्र जपून. एक बाई तपासणीला आल्या होत्या, तर्जनीच्या टोकावर शेंगदाण्याएवढा फोड. कधी झाला त्यांना माहीत नव्हतं. बोलता बोलता आठवलं, सकाळी इस्त्री तापली का ते नेहमीसारखं बोट लावून बघितलं होतं. बोटाला कळलंच नव्हतं. तेव्हा गरम काहीही बधिर बोटांनी तपासू नका. पाण्याला डावं कोपर लावून बघा. हात शेकण्यासाठी गरम पाण्याची पिशवी तर नकोच. हातशिलाई करताना अंगुस्तान वापरा आणि रोज रात्री बोटांची टोकं उजेडात बघा. टोचलेली, भाजलेली जागा दिसली तर साबणपाण्याने धुऊन झाका, लाल होऊन सुजत असेल तर त्याच दिवशी दाखवा.

घरी शुगर तपासत असाल तर सुई बोटाच्या टोकाला मधोमध नको, बाजूला टोचा, आणि सध्या डाव्या हाताची बोटं वापरा. आधी हात धुऊन पुसा, बोटाला लागलेलं गोड आकडा वाढवतं. इन्सुलिनचं पेन वापरणाऱ्या आणि बोटं बधिर असलेल्या वाचकांनी डोस ‘टक् टक्’ मोजून ठरवू नये, खिडकीतला आकडा बघूनच टोचावं.

घरच्यांना सांगा, ताई. कप फुटले हेही सांगा. ‘माझ्या मनगटात नस दाबली जात असावी, तपासायचंय, माझ्यासोबत चला,’ असं म्हणा, आणि ज्या रात्री रेघा ओढल्या असतील त्या सकाळी तो हात तसाच त्यांच्यासमोर ठेवा. ‘दुखतं’ म्हटलं की लोकांना पथ्य आठवतं. निळ्या शाईने आखलेली साडेतीन बोटं बघितल्यावर बहुतेकांचा पुढचा प्रश्न वेगळा असतो. जो सोबत येईल त्यालाच डॉक्टरांसमोर बसवा, म्हणजे हे कशामुळे झालंय ते त्याच्याही कानावर पडेल.

डॉक्टरांवर रागावून डॉक्टर बदलायची गरज नाही. फोटो दाखवा आणि विचारा: हे मनगटातल्या नसेचं असू शकतं का? नसांची तपासणी करून घेऊ या का? ब-१२ आणि थायरॉइड बघू या का? माझे पाय तपासाल का? एवढं स्पष्ट विचारल्यावर बहुतेक डॉक्टर थांबून हात हातात घेतात. नाहीच घेतला, तर मेंदू व मज्जासंस्थेच्या किंवा हाताच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या तज्ज्ञांकडे चिठ्ठी मागा.

एक-दोन गोष्टींसाठी मात्र वेळ ठरवत बसू नका. हात अचानक, मिनिटाभरात बधिर किंवा लुळा पडला, सोबत तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, तर ते मनगट नव्हे, तडक रुग्णालय गाठायचं. हात दुखतोय आणि छातीत आवळतंय, घाम सुटलाय, दम लागतोय, तरीही तसंच. मधुमेहात हृदयविकाराचा झटका छातीत फारसं न दुखताही येऊ शकतो.

आणि आज हे वाचून झाल्यावर दोन्ही हात उताणे करून शेजारी शेजारी धरा. अंगठ्याच्या बुडाचे उंचवटे बघा, दाबून बघा. उजवा डाव्यापेक्षा चपटा किंवा ढिला लागला, किंवा अंगठ्याचं टोक करंगळीच्या टोकाला जोर देऊन टेकवता येत नसेल, तर पट्ट्याचे सहा आठवडेही थांबू नका. याच आठवड्यात दाखवून घ्या.